पुढे कललेली निलगिरी आणि मागची पट्टी: चेनसॉने झाड पाडायला शिकताना

शिकणारा तरुण चेनसॉला नवखा नव्हता. पडलेल्या खोडांचे ओंडके करणं, फांद्या साफ करणं, साखळीला कानस लावणं ही कामं तो व्यवस्थित करायचा. माझ्या देखरेखीखाली त्याने सरळ उभी झाडंही पाडली होती. समोर खाच, मागून काप, कापात पाचर, आणि झाड ठरल्या जागी. त्यामुळे रांगेतल्या पुढच्या निलगिरीपाशी आल्यावर तो लगेच खाचेची खूण करायला वाकला. मी त्याला थांबवलं, कारण हे झाड पुढे कललेलं होतं. पुढे कललेल्या झाडाला सरळ झाडाची पद्धत लावली, की या कामातल्या सर्वांत भीषण अपघातांपैकी एकाची तयारी होते.

तो म्हणाला, "सर, कललंय त्याच बाजूला पाडायचंय ना? मग हे तर जास्त सोपं."

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. दिशेपुरतं त्याचं म्हणणं बरोबरच होतं. झाड दुसरीकडे जाण्याची शक्यता कमी होती. प्रश्न होता तो झाड बुंध्यापासून कसं सुटणार याचा, आणि तिथेच त्याची आतापर्यंतची सवय त्याच्या विरोधात जाणार होती. म्हणून या एका झाडाचा प्रवास मी सविस्तर मांडतोय.

आधी मोजमाप

चेनसॉ बाजूला ठेवून आम्ही उंचीपासून सुरुवात केली. डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर, तेवढीच काठी मुठीच्या वर उभी धरायची आणि काठीच्या दोन टोकांत झाडाचा बुंधा आणि शेंडा बसेपर्यंत मागे जायचं. जिथे बसतात, तिथून झाडापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची उंची. जमीन सपाट असेल तर हे गणित बऱ्यापैकी बरोबर येतं. कललेल्या झाडाला मात्र हे मोजमाप कलाच्या काटकोनात उभं राहून करावं लागतं. झाड ज्या बाजूला झुकलंय तिथे उभं राहिलं तर शेंडा आपल्या जवळ आलेला असतो, झाड असतं त्याहून उंच भासतं. पाठीमागून मोजलं तर बुटकं भासतं. आमची उंची आली सुमारे 19 मीटर.

म्हणजे धोक्याचं वर्तुळ 38 मीटरचं. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरं कुणीही नको, हा नियम जगभर शिकवला जातो. अमेरिकेत लाकूडतोडीसाठी असलेल्या ओशाच्या (कामाच्या जागी सुरक्षितता पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या) 1910.266 या नियमातही शेजारच्या कामगारांमध्ये किमान दोन झाडांच्या उंचीइतकं अंतर ठेवायला सांगितलं आहे. आमचा तिसरा माणूस शिट्टी घेऊन त्या वर्तुळाबाहेर उभा राहिला. या कामाला एकट्याने जाऊ नये, हे मी प्रत्येकाला बजावतो. साखळीने मांडी कापली तर मदत बोलवायला शुद्ध राहीलच असं नाही.

मग कल. दोरीला वजन बांधून हात लांब करून ओळंबा धरला आणि दोरीच्या रेषेशी खोड ताडून पाहिलं. हे दोन जागांवरून करायचं, एकमेकींच्या काटकोनात. एकाच जागेवरून पाहणारा निम्माच कल पाहतो. शेंड्याचा भाग बुंध्यापेक्षा साधारण अडीच मीटर पुढे होता, बाजूला जवळजवळ नाहीच. फांद्यांचा भारही पुढच्याच बाजूला जास्त होता.

वर पाहताना आणखी एक गोष्ट दिसली. शेजारच्या झाडाच्या फांदीत एक वाळकी फांदी अडकून लोंबत होती, मनगटाएवढी जाड. पाडायच्या झाडाचा शेंडा हलला असता तर ती सरळ खाली आली असती. असल्या फांद्यांकडे नवशिके बघत नाहीत, कारण त्यांचं सगळं लक्ष बुंध्याकडे असतं. आम्ही लांबूनच दोरी टाकून ती ओढून पाडली. ती पडेपर्यंत तिच्याखालच्या जागेत कुणी गेलं नाही.

शेवटी कुऱ्हाडीच्या पाठीने बुंधा चारही बाजूंनी ठोकला. आवाज भरीव होता. आतून सडलेल्या खोडावर पुढचा कुठलाच हिशोब लागू पडत नाही.

खोड उभं का फाटतं

झाड पाडताना सगळी मदार असते ती बिजागरीवर. समोर खाच आणि मागे काप, या दोन्हींच्या मध्ये न कापलेल्या लाकडाची जी पट्टी उरते ती बिजागरी. झाड पडताना ती वाकते, झाडाला दिशा देते, आणि खाच मिटत आली की तुटते. सर्वसाधारण माप असं की तिची जाडी बुंध्याच्या व्यासाच्या दहा टक्के आणि लांबी ऐंशी टक्क्यांच्या आसपास.

सरळ झाडाला मागून कापत आणलं तर झाड बिजागरी पुरेशी बारीक होईपर्यंत तसंच उभं राहतं. पुढे कललेलं झाड तेवढा धीर धरत नाही. त्याच्या पाठीकडचे धागे आधीच ताणलेले असतात. आपण पाठीकडून कापू लागलो की सगळा ताण उरलेल्या धाग्यांवर येतो. बिजागरी अजून चांगली जाड असते, वाकायला तयार नसते, आणि वरचं वजन मात्र खाली निघालेलं असतं. लाकूड आडवं तुटायला कठीण, उभं चिरायला सोपं, हे जळाऊ लाकूड फोडलेल्या कुणालाही ठाऊक आहे. तेव्हा खोड उभं चिरतं. चीर वर धावत जाते, मागचा अर्धा भाग पाठीमागे आणि वर उसळतो, आणि तो नेमका तिथे येतो जिथे कापणारा माणूस उभा असतो. मग फाटलेल्या उंचीवरून सगळं खोड निखळून खाली येतं, कुठेही. हे सगळं इतक्या झटपट घडतं की पळायला वेळच मिळत नाही. इंग्रजीत बोलणारे जंगलकामगार याला बार्बर चेअर म्हणतात.

सरळ धाग्याच्या लाकडात ही भीती जास्त. निलगिरीत तर वाढीच्या वेळी साठलेले अंतर्गत ताण इतके असतात की नुसते ओंडके कापले तरी टोकांना चिरा पडतात.

हे समजावताना मी त्याला पडलेल्या एका फांदीला पाय देऊन ती वाकवायला लावली आणि ताणलेल्या बाजूला कुऱ्हाडीचा हलका घाव घालायला सांगितलं. फांदी अर्धी कापली जायच्या आत फाडकन उभी चिरली. तो काही बोलला नाही, पण मघाचा प्रश्न परत विचारला नाही.

योजना बदलली

यावर उपाय आहे बोअर कट. म्हणजे मागून पुढे कापत न येता बारचं, म्हणजे साखळी ज्याच्या कडेने फिरते त्या लांब पात्याचं, टोक खोडाच्या बाजूने आत घुसवायचं, आतूनच बिजागरी हव्या त्या जाडीची करून घ्यायची, मग मागे कापत जायचं आणि पाठीकडे एक पट्टी तशीच ठेवायची. झाड बिजागरी आणि मागची पट्टी या दोघांवर उभं राहतं. सगळं तयार झाल्यावर शेवटी ती पट्टी कापली की झाड एकदम सुटतं, आणि सुटतं तेव्हा बिजागरी आधीच वाकण्याइतकी बारीक असते. उभं चिरायला कारणच उरत नाही. उघडी, म्हणजे रुंद तोंडाची खाच आणि बोअर कट यांची ही जोडी अमेरिकेत प्रशिक्षणातून रुजवण्यात स्वीडनच्या सोरेन एरिक्सन यांचा वाटा मोठा आहे.

बुंधा कापायच्या उंचीवर 42 सेंटीमीटर होता आणि आमच्या यंत्राचा बार 45 सेंटीमीटरचा, म्हणजे टोक पलीकडे बाहेर निघणार होतं. मापं खडूने सालीवरच लिहिली: खाच 9, बिजागरी 4, आतला काप 24, मागची पट्टी 5. बेरीज 42. साधारणपणे खाच व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकी खोल असते. पुढे कललेल्या झाडात ती फार खोल नेली तर वजनाने खाच मिटू लागते आणि बार अडकतो, म्हणून आम्ही कमी बाजूला राहिलो. 9 सेंटीमीटरवर बिजागरीची लांबी साधारण साडेचौतीस सेंटीमीटर येते, म्हणजे व्यासाच्या ऐंशी टक्क्यांच्या थोडी वरच. कागदावर एक गोल काढून त्याने हे स्वतः पडताळलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्याने एकदा गोल काढून पाहिला, तो खाच किती खोल हे अंदाजाने ठरवत नाही.

सुटकेच्या वाटा दोन ठरवल्या, पडायच्या दिशेच्या उलट बाजूला, दोन्हीकडे तिरक्या, 45 अंशांच्या. सरळ मागे पळायचं नाही, कारण खोड उसळलं तर ते सरळ मागेच येतं. दोन्ही वाटांवरच्या फांद्या आणि दगड काढले.

आधी खुंटावर

जिवंत झाडात त्याला पहिल्यांदाच टोक घुसवायला लावणं मला मान्य नव्हतं. आधीच्या एका झाडाचा खुंट आम्ही मुद्दाम छातीएवढा उंच ठेवला होता. त्यात आधी सराव.

बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग हा या यंत्राचा सर्वांत धोकादायक भाग. तो लाकडाला लागला की साखळी लाकडात अडते आणि सगळा बार वर, माणसाच्या चेहऱ्याकडे उसळतो. हाच किकबॅक. बोअर कटमध्ये टोकच आत न्यायचं असल्याने हा धोका दारातच बसलेला असतो. म्हणून सुरुवात टोकाच्या खालच्या भागाने करायची. बार तिरका धरून, पूर्ण थ्रॉटलवर खालचा भाग आत जाऊ द्यायचा, बारच्या रुंदीइतका खोल गेला की हळूहळू यंत्र फिरवून बार सरळ करायचा आणि मग ढकलायचा. टोक एकदा लाकडात रुतून बसलं की वर उसळायला जागा मिळत नाही. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या दांड्याभोवती पूर्ण गुंडाळलेला हवा. यंत्र उसळलंच तर डावं मनगट ब्रेकच्या ढालीवर आपटतं आणि चेन ब्रेक लागतो. अंगठा दांड्यावर नुसता टेकवला असेल तर हात सुटतो.

पहिल्या प्रयत्नात त्याने बार जवळजवळ सरळच लावला. यंत्राने हिसका दिला, ब्रेक लागला, साखळी थांबली. हिसका लहान होता, पण तो त्याला हातात जाणवला, आणि यंत्र बंद करून तो स्वतःच एक पाऊल मागे सरला. दुसऱ्यांदा कोन बरोबर आला. तरी आत जायला वेळ लागत होता आणि खुंटाखाली पिठासारखा बारीक भुसा पडत होता. धारदार साखळी चपटे जाड तुकडे काढते, पीठ काढत नाही. थांबलो, कानस लावली, दातांपुढच्या खोली ठरवणाऱ्या उंचवट्यांची उंची गेजने पाहिली. ती आमच्या साखळीला 0.65 मिलीमीटर खाली हवी, आणि तेवढीच होती. ते उंचवटे जास्त घासले तर दात जास्त लाकूड ओढतात आणि किकबॅक वाढतो, म्हणून त्यांना हात लावला नाही. पुढच्या वेळी बार लोण्यात गेल्यासारखा गेला.

धार आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. बोथट साखळीवर माणूस जोर लावतो, आणि जोर लावणाऱ्याचा तोल त्याच्या ताब्यात नसतो.

प्रत्यक्ष काप

हेल्मेट, चेहऱ्यावरची जाळी, कानावरचे मफ, पुढच्या बाजूला धाग्यांचा थर असलेली पॅन्ट, पोलादी टोकाचे बूट. त्या पॅन्टबद्दल एक गैरसमज आहे की साखळी तिला कापूच शकत नाही. तसं नसतं. साखळी कापड फाडते, आतले लांब धागे ओढले जाऊन साखळीच्या चाकात गुंततात आणि यंत्र थांबतं. आयएसओ 11393 या मानकातल्या पहिल्या वर्गाची चाचणी सेकंदाला 20 मीटर वेगाच्या साखळीवर होते, आणि आजच्या यंत्रांची साखळी पूर्ण थ्रॉटलवर त्याहून वेगाने धावू शकते. ही पॅन्ट जखम लहान करते, पण म्हणून मांडीजवळ साखळी नेण्याची मोकळीक मिळत नाही.

त्याने खाचेचा वरचा तिरका काप आधी घेतला, मग खालचा. एकूण उघडं तोंड सत्तर अंशांहून जास्त ठेवलं, म्हणजे झाड बरंच खाली जाईपर्यंत बिजागरी तुटत नाही. खालचा काप घेताना वरच्या कापाच्या फटीतून आत पाहायचं. साखळी तिथे पोचली की फटीतून दिसते, आणि तिथेच थांबायचं. दोन्ही काप एकाच रेषेत भेटायला हवेत. एक काप दुसऱ्याच्या पुढे गेला तर आत एक बारीक चीर राहते, झाड पडू लागताच ती चीर आधी मिटते आणि बिजागरीवर अवेळी ताण येतो. कललेल्या झाडात तर उभं फाटायला तेवढंच निमित्त पुरतं. त्याचा खालचा काप एका कडेला बोटभर पुढे गेलेला दिसला. त्याने वरचा काप तेवढाच आत नेऊन रेष एक केली, आणि खडूच्या खुणाही तेवढ्याने मागे सरकवल्या. हे मी सांगायच्या आधी त्याने केलं.

मग उजव्या बाजूने बोअर कट. आधी खुणेपासून चांगलं मागे टोक घुसवलं, पलीकडून बाहेर निघाल्याची खात्री केली, मग पुढे सरकत बिजागरीच्या खुणेपर्यंत, मग मागे पट्टीच्या खुणेपर्यंत. इथे घाई करायची गरज नसते. झाड दोन्ही बाजूंनी धरलेलं असतं. ब्रेक लावून बार बाहेर काढला, त्याने आपल्या बाजूची बिजागरी मोजपट्टीने मोजली, मान डोलावली.

वर पाहिलं, शिट्टीवाल्याकडे पाहिलं, मोठ्याने इशारा दिला. मागची पट्टी त्याने हात लांब ठेवून, आतल्या कापापेक्षा दोनेक सेंटीमीटर खालून कापायला घेतली, म्हणजे झाड सुटताना बार फटीत ओढला जात नाही. पट्टी कडकन तुटली. तोपर्यंत तो ब्रेक लावून तिरक्या वाटेला लागला होता, नजर शेंड्यावर. शेजारच्या झाडाची एक फांदी झटक्याने मोडून बुंध्यापासून दोन हातांवर पडली. तो तिथे नव्हता.

खुंट वाचताना

झाड पडलं, पण शेंडा जिथे पडायला हवा तिथे खूण म्हणून रोवलेल्या खुंटीच्या साधारण एक मीटर उजवीकडे. 19 मीटरवर एक मीटर म्हणजे तीन अंश. मोकळ्या जागेत याने काही बिघडलं नाही. कुंपण किंवा घर असतं तर बिघडलं असतं, म्हणून कारण शोधलं.

वरच्या फांद्या स्थिरावल्यावर आम्ही खुंटाकडे गेलो. बिजागरीचे तुटलेले धागे उजव्या बाजूला साडेचार सेंटीमीटर रुंद होते, डाव्या बाजूला तीन. जाड बाजू उशिरा तुटते आणि झाडाला आपल्याकडे ओढते, म्हणून झाड उजवीकडे गेलं. डावी बाजू म्हणजे बारचं टोक जिथून बाहेर निघालं ती, कापणाऱ्याच्या नजरेआडची. साखळीचे एका बाजूचे दात जास्त घासले गेले असतील तर काप वळतो, त्यामुळे तोही संशय होता. पडलेल्या खोडावर एक सरळ काप घेऊन पाहिला, तो सरळ आला. साखळीचा दोष नव्हता. टोक त्याच्या अंदाजापेक्षा पुढे गेलं होतं.

उपाय साधा आहे. मागची पट्टी कापण्याआधी यंत्र बंद करून, झाडाच्या मागून वळसा घालून, पलीकडची बाजूही मोजायची, आणि जाड बाजू तेवढीच बारीक करून घ्यायची. बोअर कटचा खरा फायदा मला इथेच दिसतो. मागून कापत येताना बिजागरी घडते त्याच क्षणी झाड सुटू लागतं, दुरुस्तीला वाव नसतो. इथे झाड उभं असतानाच आपण आपलं काम तपासू शकतो. काही प्रशिक्षक बोअर कट अगदी शेवटी शिकवतात, किकबॅकच्या भीतीने. त्यांची भीती खरी आहे. पण उंच खुंटावर भरपूर सराव करून घेतला तर तो लवकर शिकवावा, या मताचा मी आहे. शिकाऊ माणसाला विचार करायला वेळ देणारी पद्धत त्याच्या हाती आधी यायला हवी.

ही पद्धत सगळीकडे चालते असं मात्र नाही. बारीक बुंध्यात बारची रुंदीच इतकी जागा खाते की बिजागरी आणि पट्टी दोन्ही ठेवणं जमत नाही. तिथे वेगळे काप लागतात. आणि हेच झाड पडायच्या दिशेच्या उलट, म्हणजे मागे कललेलं असतं तर? हा प्रश्न त्यानेच विचारला, म्हणून गणित मांडलं. बिजागरीपासून पाठीच्या सालीपर्यंत 29 सेंटीमीटर. तिथे पाचरेने अडीच सेंटीमीटर उचललं तर 19 मीटरवरचा शेंडा सुमारे 1.6 मीटर सरकतो. अडीच मीटरचा कल काढून झाड नुसतं ओळंब्यात आणायलाच जवळपास चार सेंटीमीटर उचल लागेल. एवढं वजन पाचरेवर घण मारून उचलण्याचा हट्ट करू नये. उंचावर दोर बांधून विंचने, म्हणजे दोर गुंडाळत ओढणाऱ्या यंत्राने, ओढायची तयारी करावी.

रांगेतल्या उरलेल्या झाडांपैकी दोन त्याने याच पद्धतीने पाडली, दोन्ही बाजूंची बिजागरी मोजून. शेवटच्या झाडाला कुऱ्हाडीची पाठ लावली तर एका बाजूने पोकळ आवाज आला, आणि बार नुसता टेकवून पाहिल्यावर तपकिरी, ओलसर भुकटी निघाली. त्याने यंत्र बंद केलं आणि खडूने सालीवर मोठी फुली मारली. ते झाड आम्ही पाडलं नाही. वर चढून तुकड्यातुकड्याने उतरवणाऱ्या माणसांना बोलवायचं ठरलं, आणि तोवर त्याच्या भोवती 38 मीटरवर दोरी बांधून जागा बंद केली.